नवापूरची चौथी बाटली

लाल रंगाचं काही ग्लासात ओतलेलं दिसलं की आजही माझं लक्ष आधी पिणाऱ्याच्या डोळ्यांकडे जातं. बोईसरच्या ठाण्यात फौजदार असताना एका दिवसाने लावलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सकाळची हजेरी चालू असताना दवाखान्यातून फोन आला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा तरुण सुपरवायझर उलट्या करत दाखल झाला होता आणि ‘डोळ्यांपुढे धुकं आलंय’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

“पोटात मिथाइल स्पिरिट गेलंय, विषच ते. कारखान्यात वापरतात ते. मुंबईला हलवतोय, पण डोळे वाचतील असं मी सांगू शकत नाही. असला माल आणखी कुणाकडे असेल तर तो पोटात जायच्या आत शोधा.”

त्याच्या खोलीवर एक देखणी बाटली सापडली. बुडाशी गोल, खालचा अर्धा भाग गवताने विणलेला. लेबल इटलीचं, पण आत वास जांभळाचा आणि स्पिरिटचा. खोलीतला सोबती म्हणाला की कारखान्याच्या गेटवर एकाने ‘असली इटलीची वाईन’ म्हणून विकली.

ठाण्यासमोरचा पानवाला आमचा खबऱ्या होता. त्याला बाटलीचं वर्णन सांगताच तो म्हणाला, “आपल्या किनाऱ्यावरच्या नवापूरचा एक खलाशी सुट्टीवर आलाय. मोठ्या बोटीवर असतो, इटलीपर्यंत जातो. असली बाटली इकडे दुसरं कोण आणणार?”

खलाशाला आणलं. पंचविशीचा, रापलेला पोरगा. मागोमाग त्याची आई आली आणि मासळीची रिकामी पाटी पायाशी ठेवून फाटकाजवळच्या बाकावर बसली. हवालदार बाह्या सरसावू लागला तेव्हा मी त्याला चहा सांगायला पिटाळलं. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो, आणि मला त्या दिवशी कबुली नको होती, बाटल्या हव्या होत्या.

पोराने बाटली हातात घेऊन फिरवली. “बाटली माजी हाय सायब. आतला माल माजा नाय. आमी ही बहिणीच्या लग्नात प्यालो. सगले धडधाकट हायेत, जाऊन बगा.”

“अशा किती आणल्यास?”

“चार. दर बंदराला एक.”

मग तो एकेका बाटलीची गोष्ट सांगू लागला आणि मी घड्याळाकडे पाहू लागलो. बोटीवरच्या इटालियन खानसाम्याने त्याला नाद लावला होता. “तिकडं दर मुलखाचा द्राक्ष येगला, नि त्याची वाईन येगली. आपल्याकडं दातिवऱ्याचा जवला येगला नि आपला येगला, तसा.” गवतात विणलेली ती किआंती, तोस्काना प्रांतातली, सांजोवेझे द्राक्षाची. दुसरी नेपल्सची, ज्वालामुखीच्या उतारावर पिकणाऱ्या द्राक्षाची. त्याचा देठ पारव्याच्या पायासारखा लाल असतो म्हणे. तिसरी जिनोआला घेतलेली बारोलो, नेब्योलो द्राक्षाची.

“त्या डोंगरांत द्राक्ष काडायच्या टायमाला धुकं उतरतं. त्या धुक्यावरनंच द्राक्षाचा नाव पडला.”

धुकं म्हटल्याबरोबर मला तो दवाखान्यातला पोरगा आठवला. मी जरा ओरडूनच म्हणालो, “चौथी?”

“मार्साला. सिसिलीची. पांढऱ्या ग्रिल्लो द्राक्षाची, वरनं अर्क घालून टिकाऊ केलेली. गोड असते.” त्याने हातातली बाटली टेबलावर ठेवली. “ती पन पावन्यांनी संपवली, असं आय म्हनाली. रिकाम्या बाटल्या तिनंच भंगारवाल्याला दिल्या.”

मी बाकापाशी जाऊन आईला विचारलं. तिने माझ्याकडे न पाहता सांगितलं, “चार दिल्या.”

मी पोलीस, द्राक्षांचा व्यापारी नव्हे. पण त्या दिवशी इटलीचे प्रांत आमच्या वायरलेसवरून फिरले. उरलेल्या तीन बाटल्यांचे आकार आणि लेबलं पोराकडून काढून घेतली आणि माणसं पांगवली. भंगारवाला तासाभरात मिळाला. “गिना नहीं साब, जितना था उतना दे दिया,” म्हणत त्याने वसाहतीमागच्या चाळीतली एक खोली दाखवली. तिथला इसम एका केमिकल गोदामात कामाला होता. गोदामातून चोरलेलं स्पिरिट, जांभळाचा रस आणि साखर, एवढंच त्याचं भांडवल. कानफटीत न खाताच तो बोलला. फक्त एकाच गोष्टीवर अडून बसला.

“साहेब, तीनच भरल्या. आईशप्पथ तीनच.”

माझा त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. चौथी बाटली कुणा मोठ्या गिऱ्हाइकाला विकली असणार आणि त्याचं नाव हा दडवतोय, असंच मला वाटलं.

त्या इसमाने दिलेल्या पत्त्यांवरून नेपल्सची बाटली एका कँटीनवाल्याच्या कपाटात न उघडलेली मिळाली. बारोलो बेटेगावात, लग्नघरी गेली होती, आणि त्या दिवशी तिथे हळद होती. जीप मांडवाशी थांबेपर्यंत मी मनात देवाचं नाव घेत होतो. आत बाटली उघडलेली, ग्लास भरलेले, माणसं गोल करून बसलेली. पण देवाला दाखवल्याशिवाय तिथे कुणी तोंडाला लावत नाही, आणि देवाचं करणारे आजोबा आंघोळ आटपून अजून यायचे होते. मी धावत जाऊन ग्लासांचं ताटच उलथवलं. नवऱ्याचा मामा माझ्या अंगावर धावून आला, “सायब, आमच्या मांडवात येऊन आमचा मान घालवता?” विषाचं सांगितल्यावर तो मटकन खाली बसला. मलाही बसावंसं वाटलं, पण वर्दीत बसता येत नाही.

राहिली चौथी. रिक्षावर भोंगा बांधून आम्ही बोईसर, तारापूर, पालघरपर्यंत पुकारा केला. कुणी आलं नाही. दर वेळी फोन वाजला की मीच धावत जाऊन उचलायचो. भरणाऱ्या इसमाला पुन्हा पुन्हा विचारलं. तो रडकुंडीला आला, पण तीनवरून हलेना.

दिवेलागणीला त्या सुपरवायझरची आई गावाहून आली. पत्ता न कळून ती दवाखान्याऐवजी ठाण्यात पोचली होती. तिला मुंबईला पाठवायची सोय होईपर्यंत ती बाहेर बाकावर बसली, नेमकी खलाशाच्या आईशेजारी. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. मी खिडकीतून पाहत होतो. ही रडत सांगत होती की एकुलता एक आहे, चष्मासुद्धा लागला नव्हता कधी. नवापूरच्या बाईने ठाण्याच्या माठातलं पाणी आणून तिला पाजलं, पदराने तिचं तोंड पुसलं. मग उठून सरळ माझ्या टेबलापाशी आली.

“चौथी शोदू नको, बाबा. ती माज्या घरी हाय. भरलेली.”

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“त्यानं ती बापासाठी आनलेली. हा बोटीवर व्हता तवाच बाप गेला, याला पत्ता नाय लागला. मी पावन्यांना दिली नाय. पित्रांच्या पानावर ठेवीन म्हनून लपवली. भरलेली बाटली तुमाला गावली, तं परमिटाबिगर दारू म्हनून पोरावर केस व्हईल नि त्याची बोट जाईल. म्हनून चार सांगितल्या.” तिने बाकाकडे पाहिलं. “पन आता दुसऱ्या कुनाच्या पोरासाठी तुमी लोक पळताय. माज्याच्यानं बसवंना.”

तिला घेऊन मी नवापूरला गेलो. तिने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि बाटली काढली. मी दिव्याजवळ धरून पाहिलं. मार्साला. सील जसंच्या तसं. दिवसभराची छातीवरची धोंड उतरली आणि मला चक्क हसू फुटलं.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “पन पोराचा नाव लिवू नको.”

कायद्याने ती जप्त करायला हवी होती, हे मला ठाऊक होतं. मी बाटली तिच्या हातात परत दिली.

“बाई, मी विषाची बाटली शोधत होतो. ही ती नाही.”

सुपरवायझरचा एक डोळा वाचला. भरणाऱ्याला शिक्षा झाली, आणि खलाशी सुट्टी संपल्यावर बोटीवर गेला. नोकरीत पुढे मी बऱ्याच चौकशा केल्या. खोटं बोलणारा प्रत्येक माणूस गुन्हा लपवत नसतो, बरेचसे घरातलं माणूस लपवत असतात, हे तेव्हापासून धरून चाललो. त्या दिवशी आमचा भोंगा, वायरलेस, दमदाटी सगळं थकलं होतं. आमच्या हाती लागलं नाही ते त्या बाईने स्वतःच्या पोराची नोकरी पणाला लावून, एका अनोळखी आईसाठी सांगितलं. फाटकाजवळचा तो बाक नंतर मोडकळीला आला तेव्हा तो बदलायचा हुकूम निघाला. मी सुतार बोलावून तोच दुरुस्त करून घेतला.