अंगठ्याएवढा चाकू

ती घटना आठवायला मला काही करावं लागत नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, आतल्या बाजूने, एक आडवी पांढरी रेघ आहे. जेवताना घास उचलला की ती दिसते, आणि दिसली की मन थाऱ्यावर राहत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हे तसंच चालू आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूत पीण्या नावाच्या औद्योगिक भागात मी सब-इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, बाहेर कन्नड. एका संध्याकाळी शिफ्ट सुटताना एका लहान कारखान्याच्या मागच्या गल्लीत तिथल्या सुपरवायझरला कोणीतरी पोटात भोसकलं. माणूस जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता. डॉक्टर म्हणाले, जखम अरुंद आहे, पातं लहान आणि फार धारदार असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कारखान्यातला एक लेथवाला ठाण्यात आला. उजव्या हाताच्या दोन बोटांना तेलकट चिंधी बांधलेली. मी ती पाहिली आणि सोडून दिली. पीण्यात चिंधी नसलेलं बोट शोधावं लागतं.

"सर, माझं नाव कुठं येऊ देऊ नका," तो म्हणाला. "टूलरूममधल्या मिस्त्रीच्या खिशात कायम चाकू असतो. परवाच सुपरवायझरनं सगळ्यांदेखत तो भंगारात फेकला होता. ह्यानं परत उचलला."

हेतू मिळाला, हत्यार मिळालं. मी खूश. दुपारच्या आत मिस्त्रीला कारखान्याच्या दारात उचललं आणि दोन पंचांसमोर त्याच्या खिशातून चाकू काढला.

चाकू म्हणजे काय, तर मिटलेला असताना माझ्या अंगठ्याएवढा. दोन्ही बाजूंना पितळेच्या पट्ट्या, त्यांवर तांबड्या फायबरचे तुकडे घासूनपुसून असे बसवलेले की जोड नखाला लागू नये. पातं दीड इंचाचं, करवतीच्या तुटलेल्या पात्यातून घासून काढलेलं. नख घालून उघडलं की 'टक्', मिटवलं की पुन्हा 'टक्'. मी जन्मात इतकी सुबक वस्तू हातात धरली नव्हती, हे कबूल करतो.

नियम असा की मुद्देमाल पंचांसमोरच गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा आणि लाखेचं सील करायचं. ठाण्यातली लाख संपली होती. हेड कॉन्स्टेबल म्हणाले, उद्या आणतो. पंचांच्या सह्या झाल्या आणि चाकू उघड्या लिफाफ्यात माझ्या टेबलावर राहिला.

चौकशी सुरू झाली. मिस्त्री पन्नाशीकडे झुकलेला, शांत. नाव-गाव विचारताना कळलं की तोही आमच्यासारखाच इथला जुना मराठी.

"अण्णा, मी नाही मारलं त्यांना," तो मराठीत म्हणाला. "मी चालत घरी गेलो."

"इथं अण्णा-बिण्णा कोणी नाही. कोणी पाहिलं तुला?"

"कोणी नाही."

"असे चाकू आणखी कोणाकडे आहेत?"

मी तेच चार वेळा विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी एक ठेवून दिली. त्या काळी त्याचं कोणाला काही वाटत नसे. मलाही वाटलं नाही. त्याने कानशिलावर हात धरला आणि पुन्हा जमिनीकडे बघू लागला.

खरी गोष्ट अशी की त्या दिवशी माझंही चित्त ठिकाणावर नव्हतं. प्रश्न विचारताना माझ्या हातात तो चाकू होता. टक्, टक्. सुटलेला दोरा त्याने कापला. चहाबरोबर आलेलं संत्रं त्याने सोललं. जबाब लिहिणाऱ्या रायटरने पेन्सिलीला टोक काढायला मागितला, तोही दिला. हेड कॉन्स्टेबल दोनदा म्हणाले, "सर, मुद्देमाल आहे तो." मी म्हटलं, "सरी, सरी, ठीक आहे, ठेवतो." ठेवला, आणि पाच मिनिटांनी हात शिवशिवले तसा परत उचलला. इतकी कामाची वस्तू समोर असली की हात स्वस्थ बसत नाही.

पुढच्या सकाळी मिस्त्रीला कोर्टापुढे उभं करायचं होतं. कागदांना भोक पाडून टॅग ओवायचा, तर दाभण सापडेना. मी चाकू उघडला आणि टोक कागदांच्या गठ्ठ्यात दाबलं. कागद जाड होते. जोर लावला, आणि पातं मागे वळून माझ्याच बोटावर मिटलं. रक्त टेबलावर, कागदावर, आणि चाकूच्या सांध्यात.

हेड कॉन्स्टेबल धावत आले. "धुऊन टाकू सर," ते हळूच म्हणाले. "धुऊन, पुसून, सील करू. लाख आणली आहे. कोण विचारतंय?"

धुतला, तर पुरावा मी नष्ट केला. न धुता तपासणीला पाठवला, तर अहवाल येणार, 'माणसाचं रक्त आढळलं'. माझ्या रक्ताने मिस्त्री तुरुंगात जाणार. मी चाकू तसाच लिफाफ्यात टाकला, बोटाला रुमाल गुंडाळला आणि येरझाऱ्या घालू लागलो. एकीकडे माझी नोकरी, दुसरीकडे एका माणसाचा जन्म. खोटं बोलणार नाही, तराजू बराच वेळ माझ्याच बाजूला झुकला होता.

तेवढ्यात मिस्त्रीला कोठडीतून बाहेर आणलं. रुमाल रक्ताने भिजला होता. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा आपणहून बोलला.

"टोचलंत ना? दाखवा." मी का कोण जाणे, हात पुढे केला. त्याने रुमाल सोडवून जखम पाहिली. "स्वल्प खोल गेलंय. हा कापायचा चाकू, अण्णा, भोसकायचा नाही. याला अडकण नाही, पाठीला नुसती स्प्रिंग आहे. टोकावर जोर दिला की मिटतो. ज्याला ज्याला दिला, त्याला हे सांगून दिलाय."

"ज्याला ज्याला?"

तो माझ्या बोटाला रुमाल परत गुंडाळू लागला, पण मला आता त्याच्या उत्तराची तितकी गरज नव्हती. मी त्याचे दोन्ही हात उताणे करायला लावले. तळहात, बोटं, सगळं स्वच्छ. जुने डाग होते, ताजा ओरखडाही नव्हता. या चाकूने माणसाच्या पोटात जोर लावणाऱ्याचं बोट शाबूत राहील का? आणि मग ती तेलकट चिंधी माझ्या डोळ्यांसमोर आली.

"लेथवाल्याला दिला होतास?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "मुलीच्या बारशाला. खात्यात कोणाकडे काही चांगलं झालं की एक करून देतो, साहेब. मशीन कंपनीचं, पातं कंपनीच्या भंगारातलं. नावं सांगितली तर दहा जणांच्या नोकऱ्या जातील. म्हणून बोललो नाही."

लेथवाल्याला आणून चिंधी सोडली. दोन बोटांवर आतल्या बाजूने तसाच आडवा काप. त्याचा चाकू त्याच्याच मशीनला थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत, तळाला मिळाला. त्याला कामावरून काढायचा कागद सुपरवायझरच्या टेबलावर होता. हातापाया पडायला गेला आणि डोकं फिरलं. चार दिवसांनी सुपरवायझर शुद्धीवर आला आणि त्यानेही तेच सांगितलं.

मिस्त्रीला सोडायचं तर त्याच्या चाकूवर रक्त कोणाचं, हे सांगणं भाग होतं. मी केस डायरी ओढली आणि लिहिलं: मुद्देमाल वेळेत सील केला नाही, तो मी स्वतः वापरला, त्यावरचं रक्त माझं आहे. वरिष्ठांनी समोर उभं करून झाडलं, लेखी ठपका आला, बढती लांबली. पण लोक म्हणाले, प्रामाणिक अधिकारी. मलाही तसंच वाटू लागलं. त्याच नोंदीत पातं कंपनीचं असल्याचंही मीच लिहिलं होतं, आणि त्यावरून मिस्त्रीची नोकरी गेली, हे मला मागाहून कळलं.

बऱ्याच वर्षांनी यशवंतपूरच्या बाजारात कांदे घ्यायला गेलो होतो. एका कोपऱ्यात एक म्हातारा सहाणेवर भाजीवाल्यांच्या सुऱ्यांना धार लावत बसला होता. तोच. मी त्याच्या बाजूला उभा राहून म्हणालो, "ओळखलं का?" त्याने मान वर केली नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "ह्या बाजूनं बोला अण्णा. त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही."

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. माझा उजवा हात समोरच्याच्या डाव्या कानावर पडतो.

मी दुसऱ्या बाजूला गेलो. त्याने मला ओळखलं आणि चक्क हसला. "बोट बघू," म्हणाला. रेघ पाहून म्हणाला, "छान भरलंय." मग पेटीतून एक चाकू काढला, तसाच, तांबड्या फायबरचा, आणि माझ्या हातात न देता फळीवर ठेवला. चाकू हातात देऊ नये, भांडण होतं, असं आमच्यात मानतात. मी तो उचलला. कान कधीपासून असा आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याची बायको माझ्या पिशवीतले कांदे सारखे करत होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

तरुण अधिकारी मला विचारतात, या केसने काय शिकवलं. मी सांगत आलो, मुद्देमाल आधी सील करा, खबर देणाऱ्यालाही नीट बघा, साप साप म्हणून भुई धोपटू नका. हे सगळं बरोबर आहे आणि पुरेसं नाही. माझ्या बोटाची जखम मी डायरीत लिहिली, कारण ती लिहून मी मोठा झालो. एक ओळ मात्र तेव्हा लिहिली नाही. ती इथे लिहितो: चौकशीदरम्यान मी एका निर्दोष माणसाच्या डाव्या कानावर मारलं.