गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला पिझ्झा

मेडशीच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी पिशवी स्वतः आत नेऊन ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी शिक्षिका व्हावं ही त्यांची इच्छा, आणि मी निघाले होते पुण्याला, हॉटेलात स्वयंपाक शिकायला. आदल्या दिवशी ते म्हणाले होते, "माह्या मायनं लोकाईच्या घरी राबून मले शिकवलं. तू काहून परत लोकाईच्या चुलीपाशी चालली?"  माझी माय एसटीच्या खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "येळेवर जेवत जाय. दुसऱ्याले खाऊ घालणारी सोता उपाशी राहते."

पुण्यात मला पिझ्झाच्या भट्टीवर टाकलं. तोवर पिझ्झा मी फक्त जाहिरातीत पाहिलेला. सोबतची मुलं पीठ बोटांनी अलगद पसरायची, मी भाकरीसारखं थापायची. सगळे हसायचे. आमचे मुख्य आचारी लोबो सर हसले नाहीत. "भाकरीचा हात आहे. तो मोडू नकोस," म्हणाले.

सर तरुणपणी जहाजावर होते, इटलीतलं नेपल्सचं बंदर त्यांनी पाहिलं होतं. एका दुपारी पीठ फुगायची वाट बघताना त्यांनी पिझ्झाची गोष्ट सांगितली. नेपल्सच्या गल्ल्यांत हमाल, कोळी, मजूर उभ्या उभ्या खायचे ती ही चपटी रोटी. वर लसूण, तेल, असलाच तर थोडा मासा. टोमॅटो तर त्या मुलखाचा नव्हेच. तो समुद्रापलीकडून आला, तेव्हा बरेच लोक विषारी समजून त्याला भीत. गरिबांनी मात्र तो रोटीवर घालून खाल्ला. प्रतिष्ठितांनी कितीतरी वर्षं या खाण्याला नाकं मुरडली.

ऐकताना मला आजी आठवली, लसणाच्या चटणीशी कोरडी भाकरी खाऊन कामावर जाणारी. त्या दिवसापासून भट्टीसमोर उभं राहताना माझी मान खाली गेली नाही.

गावात बाबा मात्र "पोरगी कंपनीत हाय" असंच सांगत. मला ते कळलं होतं. 

दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला घरी गेले तेव्हा यीस्ट आणि चीज पुण्याहूनच नेलं. टोमॅटो आमच्याच वाफ्यातले. पीठ छान फुगलं. पण आमच्याकडे ओव्हन कुठला? गॅसवर तव्यात टाकला तर खालून कोळसा आणि वरून चीज जसंच्या तसं. बाबा ओसरीतून बघत होते. इतक्या लोकांसाठी रोज भाजणारी मी, माझ्या घरच्यांसाठी एक धड भाजता येईना. डोळे भरून आले.

मायनं वाकून पाहिलं. "वरून आर नसन त वरतून शिजन कसा?"

ती परसात गेली. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला पेटवतो तशा तिनं गोवऱ्या पेटवल्या, जाळ बसू दिला आणि निखाऱ्यांवर तवा ठेवला. घासलेलं लोखंडी घमेलं त्यावर उपडं घालून त्याच्या पाठीवरही निखारे पसरले. थोड्या वेळानं घमेलं उचललं, तर कडा फुगलेल्या, चीज उकळत होतं. "रोडगाच हाय हा, फक्त चपटा," माय म्हणाली. लोबो सर जे वर्षभर शिकवत होते, ते तिला आधीच येत होतं.

बाबांनी एक तुकडा खाल्ला. मग न मागता दुसरा घेतला. तेवढ्यात शेजारचे देवरावकाका आले. "पोरगी कंपनीत हाय ना? हे कुठं शिकली?"

बाबांनी त्यांच्यापुढे ताट सरकवलं. "कंपनी नाई गा. पुण्यात भट्टीवर पिझ्झे भाजते माही पोरगी. बस, खाऊन पाय."

मी परसात निघून गेले. रडू आलेलं त्यांना दिसू नये म्हणून.

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना ही भीती ठाऊक असेल, की एक दिवस आपण इथलेही राहणार नाही आणि तिथलेही. मलाही होती. त्या खेपेला पुण्याला परतले, खोलीचं कुलूप उघडलं तोच मायचा फोन. "घरी पोचली काय?"

घरी, म्हणाली ती. माझ्या त्या दहा बाय दहाच्या खोलीला. आधी वाटलं, गावचं घर आता माझं राहिलं नाही, आणि मग कळलं की हे घरसुद्धा तिनंच मला देऊन टाकलं होतं.

"पोचली, माय," मी म्हणाले आणि दिवा लावला.