काच आणि कोंबडी

रात्रभर सिनाबुंगचा ज्वालामुखी खोकत होता, आणि उजाडलं तरी राख थांबली नव्हती. वर कुणी पिठाची चाळण हलवत बसल्यासारखी ती सावकाश खाली येत होती. पत्र्यांवर, कोबीच्या वाफ्यांवर, कुत्र्याच्या पाठीवर, जिथं बघावं तिथं एकच करडा रंग.

तांगकास तारिगान तोंडाला फडकं बांधून अंगणात आला आणि जागीच थबकला. सगळं अंगण राखेनं माखलेलं, पण त्याच्या पिकअपची पुढची काच लख्ख.

राखेच्या दिवसांत त्याची रीत ठरलेली होती. रात्री वायपरचे हात उभे करून ठेवायचे. सकाळी काचेवर वरून पाणी सोडायचं आणि राख तिची ती वाहून जाऊ द्यायची. वायपरचं रबर तेवढं ओल्या चिंधीनं पुसायचं. काचेला चिंधी लावायची नाही. डोंगराची राख म्हणजे कुटलेली काचच, कोरडी घासली की ओरखडे पाडते. आज वायपर काचेवर निजलेले होते. बायकोनं धुतली असणार, असं समजून त्यानं कोबी भरायला घेतला. बायकोला त्याची रीत पाठ होती.

आज खाली मेदान शहराला मामी, म्हणजे त्याची सासू, बरोबर येणार होती. धाकट्या लेकीला मुलगी झालेली. बाळंतिणीसाठी जिवंत कोंबडी टोपलीत घालून म्हातारी पहाटेपासून तयार होती. आता त्यांच्या कारो जमातीत सासू-जावयानं एकमेकांशी तोंडानं बोलायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही, चिकटून बसायचं नाही. मध्ये माणूस लागतं. म्हणून शेजारच्या जोरे मावशी गाजरांची पोती मागं टाकून दोघांच्या मध्ये बसल्या.

"मावशी, मामींस्नी इचारा, काच वर करू का खिडकीची?"

"ऐकलं न्हवं? खिडकी म्हनतोय."

"त्याला म्हनावं, कोंबडीला वारं लागतंय."

"कोंबडीला वारं पायजे. मी काय तुमचं टपाल हाय व्हय रे? निदान एक शिगरेट तरी दे."

घाटाच्या तोंडावरच्या बाजारात मावशी उतरल्या. मधल्या जागेवर मामीनं टोपली सरकवली आणि तोंड खिडकीकडं केलं.

उतार लागला. राखेचा पडदा मागं राहिला, आभाळ फाटलं आणि वळण घेताच सूर्य समोरून काचेवर आदळला. काच पांढरी झाली. हजार बारीक ओरखड्यांनी उजेड असा धरला, की पुढचा रस्ता, कठडा, झाडं, सगळं पुसून गेलं. तांगकासनं साबणाचं पाणी मारून वायपर सोडला. करकर, करकर. त्याच्या दातांत कळ गेली. रबरात राख भरलेली. तिचा चिखल होऊन काचेवर फासला गेला.

डावीकडं दरी. मागं टँकर भोंगा वाजवतोय. थांबायला वीतभर जागा नाही, आणि मागचा कोबी गाडीला खाली रेटतोय. त्यानं आपल्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. समोरून येणारे दिवे तेवढे कळत होते. दरीची कड कळत नव्हती.

मध्ये माणूस नसलं, तर वस्तूशी बोलावं, अशी पळवाट जुन्या लोकांनी ठेवलेली.

"वायपरा," तो म्हणाला, "मामींस्नी सांग, मला कायबी दिसंना. डावी कड बघा म्हनावं."

मामीनं क्षणभर टोपलीकडं बघितलं. मग कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकली.

"कोंबडीबाई, त्याला सांग, कड हातभर लांब हाय. असंच जाऊ दे."

"वायपरा, आता?"

"कोंबडीबाई, उजवीकडं घे म्हनावं. आनखी. आनखी गं! आता सरळ."

चाकाखालचा खडा दरीत गेल्याचा आवाज दोघांनी ऐकला. पुढं डावं वळण होतं. मामी बाहेर वाकलेलीच.

"कोंबडीबाई, त्याला सांग, पुढं लाकडाचा..." आणि मग कोंबडी, टोपली, रीत, सगळं उडालं. "तांगकास! दाब! ब्रेक दाब!"

त्यानं जीव खाऊन ब्रेक दाबला. कोबीचे गड्डे टपावर धडाधड आदळले. मागं टँकर किंचाळत थांबला. गाडी थांबली तेव्हा बंद पडलेल्या ट्रकचे ओंडके बॉनेटपासून वीतभरावर होते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाचं नाव म्हातारीच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"कोंबडीबाई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला सांग, काच म्या पुसली. पहाटं, नेसायच्या जुन्या सारोंगनं, कोरडीच. म्हनलं, त्याचं येवढं तरी काम वाचंल."

तांगकासच्या कानशिलात रक्त चढलं. एकच काच होती ती, गाडीबरोबर आलेली. त्यानं स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवली.

"वायपरा, मामींस्नी सांग, काच बदलता येती. आन् मगाशी हाक मारली, ती मी कुनाला सांगनार न्हाई."

"कोंबडीबाई, त्याला सांग, हाक म्या न्हवं, तूच मारलीस."

टोपलीतून कोंबडी कुरकुरली. तांगकास एकदम फिसकन हसला.

सूर्य वर सरकेपर्यंत थांबणं भाग होतं. मामीनं खाली उतरून पाण्याचा कॅन बॉनेटवर ठेवला आणि मागं सरली. तो पुढं झाला. वायपरचे हात त्यानं उभे केले, काचेवर वरून पाणी सोडलं आणि ओली चिंधी घेऊन रबराची कड पुसायला लागला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चिंधी करडी यायची थांबेपर्यंत.