देवदूताचा हात

ती घटना आठवली की आजही माझीच मला लाज वाटते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी कतारला, दोह्याच्या बिन महमूद भागात मुलीकडे राहत होतो. वर्ल्डकपची तयारी जोरात होती, आणि एका प्रदर्शनाच्या दालनात मला सुरक्षेचं काम मिळालं. युरोपातल्या एका तटबंदीच्या शहरातल्या मध्ययुगीन चर्चची लाकडी शिल्पं तिथे यायची होती. व्यापाऱ्यांच्या पैशातून कारागिरांच्या तीन पिढ्यांनी ते चर्च सजवलं, असं प्रदर्शनाच्या बाई सांगत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आपण बरं, आपली कुलपं बरी.

शिल्पं आली, पेट्या उघडल्या, आणि एका सकाळी वाद्य छेडणाऱ्या देवदूताचा उजवा हात गायब! पहारेकऱ्याने खबर दिली: मूर्ती आदल्या दिवशी उघड्या पेटीत असताना एक सुतार तिच्यावर बराच वेळ वाकला होता, मग त्याने खिशात काहीतरी घातलं.

सुताराला समोर उभं केलं. पन्नाशीचा माणूस, बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत राहणारा. मी सवयीने हिंदीत दरडावलं, “हाथ किसने निकाला?”

“मैंने निकाला, साब. गलती हो गई.”

झालं! पाच मिनिटांत कबुली. मी ती लिहूनही टाकली. आता पोलीस येणार, याची नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही.

“किधर है?”

त्याने खिशातून घडी केलेला कागद दिला. पेन्सिलीने काढलेला हात, नखांसकट.

“अल्लाची शपथ साहेब,” घाबरून तो मराठीवर आला, “चित्र काढायला बंदी हाय, ठाव नव्हतं.”

अरे देवा! मराठीत आपण दातही ‘काढतो’ आणि चित्रही ‘काढतो’. त्याने तेच ‘काढणं’ हिंदीत नेलं होतं.

चित्रात मनगटावर रेघ होती. “ही कसली?”

“जोड हाय. आत खुंटी, ती ढिली झालीय. मुकादमाला बोललो, तर तो म्हणाला, खलास, बास झालं, तुझं काम कर.”

बाईंनी दुजोरा दिला: त्या शहरातले कारागीर हात वेगळा कोरून बसवत. आम्ही रिकामी पेटी तपासली. मूर्ती उचलताना निसटलेला हात फोममध्ये सापडला.

मी कबुली फाडली. सुतार म्हणाला, “साहेब, तुम्ही मराठी? मग आधी का नाय बोललात?”

तो रायगडचा असल्याचं त्याच्या फायलीत लिहिलेलं होतं. मी ती उघडलीच नव्हती. नोकरीत मी शेकड्यांनी जबाब घेतले, बिहारी, कानडी, तमिळ माणसांचे, माझ्या सोयीच्या भाषेत. त्यांतल्या किती जणांनी नुसतं चित्र काढलं होतं, कोण जाणे.