शिफ्ट सुटतानाचा गूळ

शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्ट सुटली की गेटवर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. गूळ खाल्ला की अंगात गेलेली धूळ उतरते, असं सगळेच मानायचे. गुळाच्या जिल्ह्यात दुसरं औषध कोण सुचवणार? वडील अर्धा खडा तिथंच चघळत आणि उरलेला खिशातून माझ्यासाठी आणत. त्याला वाळूची कचकच असायची, तरी मी तो मिटक्या मारत खायचे. मालक किती मायाळू, असं तेव्हा मलाही वाटायचं.

वडील फेटलिंगला होते. ओतून गार झालेल्या कास्टिंगची वाळू ठोकून, ग्राइंडरनं घासून काढायची. तोंडाला घरचा पंचा. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यांना खोकला लागला, तो हटेना. कसबा बावड्यातल्या आमच्या घरी येताना ते वाटेतच सायकलला टेकून उभे राहू लागले. टीबीची औषधं झाली, गुण नाही. मॅनेजरनं "बिडी सोडा आधी" असं सांगून त्यांना कायमचं घरी बसवलं. वडिलांनी उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती. आजारापेक्षा ते बोलणं त्यांना जास्त झोंबलं.

पुढं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून विचारलं, काम काय करता? तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. फुप्फुसात वाळूची बारीक धूळ बसली आहे, याला सिलिकोसिस म्हणतात, ती आता निघणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि एका वकीलबाईंकडे धाडलं. कामानं झालेला आजार कायद्याच्या लेखी कामावरच्या अपघातासारखाच, त्याची भरपाई मागता येते, हे आम्हाला तिथं कळलं.

भावकीतले लोक समजूत घालायला आले. मालकाशी वैर कशाला, म्हणाले, काहीतरी पदरात पाडून घ्या आणि गप्प बसा.

"भरपाईचं नंतर बघू," वडील म्हणाले. "ह्यो रोग बिडीचा न्हाय, एवढं कोर्टानं म्हणायला पायजे. मी मेलो तरी केस सोडायची न्हाय."

कामगार न्यायालयात तारखांवर तारखा पडल्या. फौंड्रीचं एकच पालुपद, आमच्याकडं धूळ नव्हतीच. शेवटी मॅनेजर साक्षीला उभे राहिले. कामगारांना घरच्यासारखं कसं सांभाळलं, हे ऐटीत सांगताना गाडी गुळावर आली. वकीलबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि उलटतपासात शांतपणे विचारलं, "गूळ कशासाठी द्यायचा?"

"धूळ उतरायला की," मॅनेजर बोलून गेले.

त्यांचे वकील मान खाली घालून कागद चाळू लागले. मला आनंदाच्या आधी संताप आला. म्हणजे यांना ठाऊक होतं. धूळ ओढणारा पंखा बसवायचा सोडून हे गूळ वाटत होते आणि आम्ही त्यालाच माया समजत होतो!

आजार कामामुळेच झाला, असा निकाल लागला. आजाराचं नाव कळलं, गुळानं धूळ उतरत नाही हे समजलं, तेव्हापासून आईनं घरात गूळ येऊ दिला नव्हता. त्या संध्याकाळी वडिलांनी तोच मागितला. आता कशाला ते मेलं, म्हणून ती चिडली.

"आज औषध म्हणून न्हाय," वडील धापा टाकत म्हणाले. "जिंकलोय. तोंड गोड करायला पायजे की."

आईनं शेजारणीकडून खडा आणला. वडिलांनी अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. या खेपेला दाताखाली वाळू आली नाही.