भैयालालचे हलके मशीन

जेथे माणसे रोज बसतात आणि गिऱ्हाईक क्वचित येते, तेथे किस्से साचणारच. अर्जुनी मोरगावातील भैयालालचे साउंड सर्व्हिसचे दुकान हे असेच स्थान. विद्युतशास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात न जाता ग्रंथांतून शिकलो. म्हणून तेथील एकमेव हातांची खुर्ची माझी!

गतवर्षी मंडईच्या, म्हणजे आमच्याकडील दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, तोंडावर भैयालालची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलण्यास सक्त मनाई केली, आणि त्याचा जुना ॲम्प्लिफायर तर लोखंडी ट्रान्सफॉर्मरमुळे धानाच्या पोत्याएवढा जड. मी त्यास क्लास डी जातीचा घ्यावयास लावला. हा वीज उष्णतेत फारशी दवडत नाही, म्हणून हलका. पेटी तर निम्मी रिकामीच!

"काकाजी, मंडईच्या नाटकाले हे नाही चाललं, त धंदाच बंद," भैयालाल म्हणाला. "जुनं आता माह्यानं उचलत नाही."

*

आमच्या भागात मशीनची परीक्षा आधी हाताने होते, मग कानाने. नाटक मंडळाचे मॅनेजर तुकारामभाऊ आले आणि त्यांनी नवे मशीन एका हाताने उचलले.

"काऊन रे भैयालाल, अंदरचा माल घरीच राह्यला का?"

*

मी आवाजाची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मांडला. जुन्या मशीनची लहर माथ्यावर चेपलेली, नव्याची गुळगुळीत. आवाजातली विकृती कोणत्या मशीनची कमी, हे मी तुकारामभाऊंना सप्रमाण दाखवले. त्यांनी पडद्याकडे शांतपणे पाहिले.

"काकाजी, लोकं नाटक आयकाले येतेत, का हा टीव्ही पाहाले?"

*

भैयालालच्या पत्नी सुभद्राबाई यांचा आक्षेप निराळाच होता. जुन्या मशीनचा पंखा घरघरत असे, नवे मुके!

"आवाजच नाही करत, त चालू हाय हे समजाचं कसं?"

*

अखेर श्रवणपरीक्षा ठरली. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच सरस भासतो, म्हणून मी मीटर लावून दोन्हींची पातळी एकसमान केली. मध्ये सुभद्राबाईंची साडी टांगली. तुकारामभाऊंनी डोळे मिटून ऐकले आणि मांडीवर थाप मारली.

"हेच जुनं! छातीवर येऊन राह्यलं पहा!"

साडी दूर केली. वाजत होते नवे!

तुकारामभाऊ किंचितही ओशाळले नाहीत. "मंग आज जुन्याची तब्येत बरी नसन," असे म्हणून ते निघाले. दारातून वळून म्हणाले, "मंडईले भारी मशीन पाहिजे. नाही त मी गोंदियाहून आणतो!"

*

मंडईच्या दिवशी भैयालालने टेम्पोत मशीन पाठवले. तुकारामभाऊंनी सवयीप्रमाणे हात घातला, मग दुसराही घातला, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आता आणलं ना मशीन!"

नाटक अप्रतिम रंगले. आईच्या मरणाचा प्रवेश सुरू झाला तेव्हा शेवटच्या रांगेतल्या बायकाही पदराने डोळे टिपत होत्या. "पाह्यलं काकाजी?" तुकारामभाऊ म्हणाले. "कान धोका देत नाही."

सकाळी ते स्वतः मशीन पोहोचवण्यास आले. भैयालाल पुढे होताच ओरडले, "तू हात नको लावू, कंबर मोडन!" दोन गड्यांसह त्यांनी धापा टाकत ते ओसरीवर ठेवले. "पुढच्या वर्षीही हेच पाहिजे, भैयालाल. तुह्या त्या हलक्याचं नावही काढू नको!"

भैयालालने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

इतक्यात सुभद्राबाई आतून सुपात मिरच्या घेऊन बाहेर आल्या.

"दरसाल हेच नेणार असान भाऊजी, त मले चटणी वाटाले दुसरा पाटा आणून द्या!"