सईचे उपवास

लेकीला मानसोपचाराची गोळी सुरू करायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी रुसले ती गणपतीवर. सई पाचवीत होती. वर्गात एका जागी बसणं नाही, वही अर्धवट, डबा कुठे आणि बूट कुठे याचा पत्ता नाही. शाळेतून सारखं बोलावणं यायचं. इतक्या संकष्ट्या केल्या, अथर्वशीर्ष म्हणून घसा बसला, आणि शेवटी टी. टी. नगरच्या डॉक्टरबाईंचीच पायरी चढावी लागली, मग देवानं केलं काय, असं माझं चाललं होतं. बाई मोठ्या शांत होत्या. लक्ष न टिकणं हा आजार आहे, खोडी नव्हे, असं त्यांनी समजावलं. गोळीनं फरक पडेल, पण मुलीचं खाणं, झोप आणि स्वभाव यांवर डोळा ठेवा, काहीही बदललं तर मला कळवा, बदल चांगला वाटला तरी कळवा, असंही बजावलं.

डोळा ठेवण्यात मी कुणाला हार जाणार नाही. सई झोपली की मी तिच्या उशाशी, सई हसली की मी दारात. आमचे हे मंडीदीपच्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. ते म्हणायचे, आमच्याकडे मालाचीसुद्धा इतकी तपासणी होत नाही. पण गुण दिसत होता. सई अभ्यासाला बसू लागली, शाळेतल्या बाईंची तक्रार थांबली. माझा रुसवा निवळला आणि मी पुन्हा देवापुढे फुलं वाहू लागले.

अशातच एका संकष्टीला सई म्हणाली, मीपण तुझ्यासारखा उपवास करते. मला कोण आनंद झाला! मग ती सोमवार धरू लागली, गुरुवारही धरू लागली. आता आमच्याकडे मुलांचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू, म्हणजे रोजच्यापेक्षा चार घास जास्तच. सई मात्र खिचडी चिवडून ताटली सरकवायची. कुठल्याही आईला शंका आली असती. मला त्यात वैराग्य दिसलं. नागपूरला सासूबाईंना फोन करून मी सांगितलं, त्यांनी तिकडे सगळ्या नातेवाइकांत सांगितलं. ह्यांनी एकदा विचारलं, पोरगी बारीक वाटते गं, जेवते ना नीट? मी तोऱ्यात म्हटलं, उपवास असतात तिचे.

पुढच्या संकष्टीला आम्ही दोघी आनंद नगरातल्या गणपतीच्या देवळात गेलो. आरती झाली, बायका चंद्रोदयाची वाट बघत अंगणात बसल्या. माझ्या शेजारी एक अनोळखी आजी होत्या, विदिशाहून लेकीकडे आलेल्या. मी न राहवून त्यांना सईच्या उपवासांचं कौतुक सांगितलं. त्या सईकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बेटा, भूखा बच्चा तो हर दो मिनट में पूछता है कि चाँद निकला क्या. तुम्हारी बिटिया ने तो एक बार भी ऊपर नहीं देखा."

मी मान वळवून बघितलं. समोर इतर पोरं गच्चीच्या जिन्यावरून वरखाली धावत होती, आयांना भंडावून सोडत होती. सई खांबाला टेकून बसली होती. पुजारीबुवांनी दिलेला पेढा तिनं शेजारच्या पोरीला देऊन टाकला होता. मी तिला जवळ घेतलं, आणि फ्रॉकच्या आत ती किती वाळली आहे ते माझ्या हाताला कळलं. मी विचारलं, सई, तुला भूक लागत नाही का?

ती म्हणाली, "नाहीच लागत, आई. बहुत दिन झाले. भूक नाही म्हटलं की तू रागावतेस, उपवास आहे म्हटलं की खुश होतेस."

मला रडू आवरेना. घरी येताच त्या गोळ्या केराच्या डब्यात टाकायला निघाले, ह्यांनी हात धरला. म्हणाले, डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय काही नाही. सकाळीच आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सईचं वजन केलं, मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. या गोळीनं भूक मरते, म्हणूनच खाण्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, म्हणाल्या. मात्रा कमी केली, गोळी पोटभर नाश्त्यानंतर द्यायला सांगितली, आणि गोळीचा अंमल उतरला की संध्याकाळी मागेल ते वाढा म्हणाल्या. सईचे उपवास त्या दिवसापासून बंद.

त्या आजी मला परत दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या याचा मी खल करत नाही. माझ्या देवानं मला वेळेवर हटकलं, एवढं माझ्यापुरतं पुरे आहे. त्याच्यावर भार टाकायचा म्हणजे आपले डोळे मिटून घ्यायचे, असं मी समजत होते. आता बघायचं काम माझं, पुढचं त्याचं. माझी झोपही सुधारली आहे.

भूक हळूहळू परतली. अभ्यास सुटला नाही, फक्त वेंधळेपणा थोडा परत आला, तो आम्ही गोड मानून घेतला. मध्यंतरी संकष्टीला मी मोदक केले, नैवेद्याचं ताट देवापुढे मांडलं आणि तूप आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर एक मोदक अर्धा खाल्लेला, आणि सई भरल्या तोंडानं भिंतीकडे बघत उभी. हनुवटीवर सारण. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत मी किती कडक आहे ते तिला माहीत, त्यामुळे बिचारी बोलणी खायच्या तयारीत होती.

मी त्या अर्ध्या मोदकावरही तूप वाढलं, ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, आणि तोच उष्टा नैवेद्य देवाला दाखवला.